अडॅप्टरची कुळकथा

घरांतील एखाद्या उपकरणाचा अडॅप्टर निकामी झाला, म्हणजे खणांतून दुसरा काढून त्याची खुंटी बसते कीं नाहीं, एवढेंच बहुतेक ठिकाणीं पाहिलें जातें. बसली, कीं काम झालें! या समजुतीनें होणारें नुकसान, श्रोतेहो, रेडिओच्या बाल्यावस्थेइतकें जुनें आहे.

मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या सुमारास पुष्कळसे रेडिओ बॅटऱ्यांवर चालत, आणि एका यंत्रास दोन-तीन निरनिराळ्या बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हमधील तार तापविण्यास आम्लाची सहा व्होल्टची. प्लेटसाठीं नव्वद किंवा त्याहूनही अधिक व्होल्टची कोरडी. पहिलीच्या जागीं दुसरी जोडली गेली, कीं महागडे व्हॉल्व्ह क्षणांत जळत. आम्ल सांडून गालिचा खराब होई तो निराळाच. कॅनडांत एडवर्ड रॉजर्स यांनीं १९२५ सालीं घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारांत आणला. जुन्या यंत्रांसाठीं ‘बॅटरी एलिमिनेटर’ नांवाची पेटी निघाली. भिंतींतील वीज घेऊन, तिचा दाब हवा तसा बदलून, ती एकदिश करून देणारी ही पेटी म्हणजे आजच्या अडॅप्टरची आजीच.

बॅटऱ्या गेल्या, पण दाबांतील भेद राहिला. कोणतें यंत्र पांच व्होल्टचें, कोणतें नऊ, कोणतें बारा. खुंटी मात्र दिसावयास सारखी! म्हणून वाचावयाचें तें लेबल. ‘आउटपुट’पुढील व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर अधिक असले तरी चालतात, कारण यंत्र आपल्या गरजेपुरताच प्रवाह ओढतें. एक अँपिअरच्या यंत्रास दोन अँपिअरचा अडॅप्टर निर्धोक. अर्ध्या अँपिअरचा तापून निकामी होईल. पुष्कळ शहाणीं माणसें वाढीव अँपिअर पाहून बिचकतात आणि व्होल्टकडे दुर्लक्ष करितात, हें अगदीं उलट आहे. शेजारीं टिंब व अर्धवर्तुळ यांची लहानशी आकृति असते. टिंबाशीं धन चिन्ह जोडलेलें आहे कीं ऋण, तेंही जुळलें पाहिजे. गिटारच्या पेडलांत मधला ध्रुव बहुधा ऋण असतो.

१९९६ सालीं संगणकासाठीं निघालेल्या यूएसबी जोडणीनें पांच व्होल्टचा दाब रूढ केला. तिचा टाइप-सी हा अवतार आरंभीं पांचच व्होल्ट देतो. यंत्रानें मागितल्यावांचून दाब वाढवीत नाहीं. युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून तेथें विक्रीस येणाऱ्या नव्या मोबाइलांस ती सक्तीची केली. राउटर त्या नियमांत आले नाहींत. त्यांच्या गोल खुंटीच्या आंतील व्यास २.१ मिलिमीटर कीं २.५, हें दुकानदारासही पुष्कळदां लावूनच पाहावें लागतें.