वऱ्हाडचा बालरोगतज्ज्ञ: एक मागोवा

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’च म्हणतात. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ साली स्त्रियांच्या उपचारांसाठी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी जो निधी उभारला, त्याची ही आठवण. तेव्हा मूल आईच्या खाटेवरच तपासले जाई. त्याचा वेगळा डॉक्टर असतो, ही कल्पना इकडे पोचायची होती. वऱ्हाडातल्या मुलाने डॉक्टर व्हायचे तर १९१४ साली निघालेल्या नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलची वाट धरायची आणि एलएमपी (लायसेन्शिएट मेडिकल प्रॅक्टिशनर) होऊन परतायचे. या एलएमपींची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९४६ साली आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने तो अभ्यासक्रमच बंद करण्याची शिफारस केली आणि पुढल्याच वर्षी नागपुरात मेडिकल कॉलेज उभे राहिले.

दरम्यान मुंबईत १९२९ साली खास मुलांसाठी वाडिया रुग्णालय उघडले होते. डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्यासारख्यांनी बालरोगशास्त्राला स्वतःची बैठक मिळवून दिली, आणि १९६३ साली दोन संघटना एक होऊन इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स जन्मली. वऱ्हाडात मात्र पहिले मेडिकल कॉलेज यायला १९८४ उजाडले: शिवाजी शिक्षण संस्थेचे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचे. अकोल्याचे शासकीय महाविद्यालय तर २००२ सालचे.

या दोन सालांच्या मधे १९९३ येते. अमरावती जिल्ह्यातल्याच डोंगराळ मेळघाटात आदिवासी कोरकू बालकांच्या मृत्यूंनी तेव्हा राज्य हादरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि पुढे बाहेरच्या जिल्ह्यांतले बालरोगतज्ज्ञ आळीपाळीने मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याला पाठवण्याची रीत पडली. उसनवारीच ती, पण अमरावतीहून दूर, घाटापलीकडे, कायमचा तज्ज्ञ टिकत नव्हता हेही खरे. २०२० साली अशा उसनवारीला शिक्षणाचे रूप आले: पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढलेच पाहिजेत, असा नियम झाला. नवजात अतिदक्षता कक्षात कमी वजनाची बाळे पाहायला ही जागा उत्तम, मुदत मात्र तोकडी.

म्हणून मला त्याच वर्षी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने आणलेली बालरोगातली दोन वर्षांची पदविका अधिक मोलाची वाटते. एमबीबीएसनंतरच्या या शिक्षणाला मेडिकल कॉलेज लागत नाही. पुरेसे रुग्ण आणि शिकवणारे ज्येष्ठ असले की जिल्हा रुग्णालयही चालते. २०२४ साली अमरावतीला शासकीय महाविद्यालय मिळाले, तरी तालुक्याला पुरेल असा डॉक्टर घडवण्याचे एलएमपीचे जुने काम आता या पदविकेकडे आले आहे.