वखारीतल्या स्त्रियांचे स्मारक

आपल्या सीमाभागात स्मारकांची उणीव नाही. चौकातील पुतळे, हुतात्म्यांच्या नावांच्या शिळा आणि ठरल्या दिवशी वाहिली जाणारी फुले यांची आपणांस सवय आहे. निपाणीच्या तंबाखूचा विषय निघाला की 6 एप्रिल 1981 चा गोळीबार आठवतो. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींचे त्या दिवशी प्राण गेले. ते स्मरण उचितच आहे. परंतु शेतातला तोच तंबाखू पुढे वखारीत ज्यांच्या हातांखालून जात असे, त्या स्त्रियांची आठवण कोणी आणि कशी जपली?

तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे हे त्यांचे काम. दिवसभर खकाणा नाकातोंडात जाई आणि मजुरी मात्र तुटपुंजी असे. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघात या स्त्रिया संघटित झाल्या. सुमारे 3,000 स्त्रियांची ही एकजूट असंघटित कामगारांच्या इतिहासात लक्षणीय ठरली.

याच सुमारास, 1980 साली, दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर यांनी 'युगांतर' हा चित्रपटगट स्थापन केला. ही मंडळी निपाणीत येऊन राहिली; आधी त्यांनी ऐकले आणि मग कॅमेरा हाती घेतला. वखारीतला अनुभव आणि संघटना बांधतानाचे प्रसंग स्त्रियांनी स्वतःच पुन्हा उभे करून दाखविले. त्यातून 1982 साली सुमारे 25 मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट सिद्ध झाला : 'तंबाखू चाकीला ऊब आली'. रचून ठेवलेला तंबाखू आतून तापू लागतो. कामातल्या या नित्याच्या गोष्टीतच कामगार स्त्रियांच्या जागृतीची खूण चित्रपटाला सापडली. उपकारकर्त्याच्या नजरेतून असे नाव सुचले नसते.

येथे मुंबईच्या ससून गोदीचे उदाहरण आठवते. 1875 साली बांधलेल्या या बंदरात 2017 साली भरलेल्या कलामहोत्सवात गोदीवर राबणाऱ्या माणसांची मोठाली छायाचित्रे तिथल्याच भिंतींवर चिकटविली गेली. मासळीच्या व्यापाराचा भार वाहणारे चेहरे प्रथमच असे भिंतभर दिसले. कागद पावसापाण्यात टिकणारा नव्हता. पण ज्यांचा गौरव, त्यांच्याच रोजच्या वाटेवर तो उभा होता, हे त्याचे मोल.

निपाणीच्या चित्रपटाचे नेमके उलटे झाले. बर्लिनच्या 'आर्सेनाल' या संस्थेच्या साहाय्याने त्याचे जतन व अंकीकरण झाले आणि दूरदेशीचे प्रेक्षक तो पाहू लागले. टिकण्याची सोय झाली. आता घरी येण्याची व्हावयास हवी. निपाणीच्या शाळा-महाविद्यालयांत आणि बाजारपेठेतल्या एखाद्या मोकळ्या भिंतीवर तो दरवर्षी दाखविला जावा. पाहणाऱ्यांत कोणाची आजी असेल, कोणाची मावशी. पडद्यावरच्या त्या बायकांची नावे सांगणारे कोणी ना कोणी गर्दीत भेटेल. ती नावे तेव्हाच लिहून घ्यावीत. शिळा बसवावयाची झाल्यास मजकूर तेथूनच मिळेल.