पहिलें तिकीट कोणतें?

टपालाचीं तिकिटें जमविण्याचा छंद हा मुलांचा खेळ आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि ज्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत, तेथें ती अगदींच निराधार असते असेंहि नाहीं. परंतु या छंदांत मुरलेल्या मंडळींचा एक वर्ग असा आहे कीं, तो सगळ्या जगाचीं सगळीं तिकिटें गोळा करण्याच्या भरीस पडत नाहीं. प्रत्येक देशानें, वसाहतीनें किंवा संस्थानानें काढलेलें पहिलें तिकीट तेवढें मिळवावयाचें, दुसरें नको, असा त्याचा नेम. वरवर पाहतां हा नेम सोपा वाटतो. देशांची यादी करावी, प्रत्येकापुढें एक तिकीट चिकटवावें, कीं काम झालें! पण पांचपंचवीस तिकिटें होतात न होतात तोंच संग्राहकाचें गाडें अडतें, आणि तें केवळ पैशासाठीं नव्हे. देश कशाला म्हणावयाचें आणि पहिलें कशाला म्हणावयाचें, हे दोन प्रश्न त्याच्यापुढें उभे राहतात. आणि ते सोडवावयाचे तर इतिहासांत शिरण्यावांचून गत्यंतर नसतें.

एका तिकिटाविषयीं मात्र वाद नाहीं. १८४० सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेपासून इंग्लंडांत चालू झालेलें एक पेनीचें काळें तिकीट हेंच जगांतील पहिलें चिकटवावयाचें टपाल-तिकीट होय. त्या सुधारणेचा प्रवर्तक रोलंड हिल हा टपालखात्यांतला मनुष्यच नव्हता. त्याचा मूळचा व्यवसाय शाळामास्तरचा. आणि दुसऱ्याचा हिशेब तपासून त्यांतली चूक दाखविण्याची संवय त्या व्यवसायांत आपोआपच लागते. त्या काळीं पत्राचें मूल्य अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि तें बहुधा पत्र घेणाराकडून वसूल होई. टपालवाला दारांत उभा, पत्र त्याच्या हातांत, आणि घरांत तर पैसा नाहीं, असे प्रसंग नित्याचे. मग लोकांनीं युक्ति काढली. लखोट्यावर ठरलेली खूण करावयाची. घेणारानें ती पाहून खुशाली समजून घ्यावयाची आणि पत्र न घेतां परत करावयाचें. हिलनें १८३७ त एक पत्रक प्रसिद्ध करून असें दाखविलें कीं, पत्र वाहून नेण्याचा खर्च अगदीं अल्प असून खरा खर्च ही आकारणी, ही वसुली आणि हा जमाखर्च यांचाच आहे. तेव्हां अंतर कितीहि असो, अर्ध्या औंसास एक पेनी घ्यावी आणि ती पाठविणारानें आगाऊ भरावी. पैसे भरल्याची पावती म्हणून जो लहानसा कागद पत्रावर डकवावयाचा, तेंच तिकीट.

त्या काळ्या तिकिटावर तरुण व्हिक्टोरिया राणीचें मुख आहे. देशाचें नांव नाहीं. दुसऱ्या कोणत्याच देशाचें तिकीट नव्हतें, तेव्हां नांव घालण्याचें कारणच काय? ब्रिटनच्या तिकिटांवर आजहि देशाचें नांव छापीत नाहींत. हीं तिकिटें सहा कोटी ऐशीं लाखांच्या वर छापलीं गेलीं. म्हणून जगांतलें पहिलें तिकीट हें दुर्मिळ तिकिटांत मोडत नाहीं. १८४१ त लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत एका तरुणीनें जाहिरात दिली होती कीं, आपल्या खोलीच्या भिंती मढविण्यासाठीं आपल्याला वापरलेलीं तिकिटें हवीं आहेत, सोळा हजार जमलीं आहेत. त्या भिंतींचें पुढें काय झालें, कोणास ठाऊक!

खरी अडचण सुरू होते ती दुसऱ्या क्रमांकापासून. १८४३ च्या १ मार्चला स्वित्झर्लंडांतील झुरिक प्रांतानें चार आणि सहा रापेनचीं तिकिटें काढलीं. १ ऑगस्टला ब्राझिलनें काढलीं. ऑक्टोबरांत जिनेव्हानें काढलीं. आतां, तारखेनें पाहिलें तर झुरिक दुसरा. परंतु झुरिक हा देश नव्हे, सगळ्या स्वित्झर्लंडाचीं सामाईक तिकिटें १८५० पर्यंत निघालींच नव्हतीं. त्यामुळें आपल्या सबंध मुलखासाठीं तिकिटें काढणारें दुसरें राष्ट्र म्हणून मान ब्राझिलकडे जातो. ब्राझिलनें आपल्या बादशहाचें चित्र तिकिटावर घातलें नाहीं. टपालकचेरींत शिक्का मारतांना बादशहाच्या तोंडाला काळें फांसलें जावें, हें तेथील लोकांना प्रशस्त वाटलें नाहीं असें सांगतात. त्याऐवजीं मोठमोठे आंकडे वेलबुट्टीच्या गोल घरांत छापले. ते दिसण्यांत डोळ्यासारखे झाले, म्हणून लोक त्या तिकिटांना 'बैलाचे डोळे' म्हणूं लागले.

मोठ्या देशांच्या तिकिटांना उत्तम कारागीर मिळाले. लहान वसाहतींच्या नशिबीं जो हाताशीं असेल तो. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर १८४७ सालच्या सप्टेंबरांत तिकिटें निघालीं, तीं पोर्ट लुई गांवांतील जोसेफ बर्नार्ड नांवाच्या खोदकाम करणारानें कोरलेलीं. तांब्याच्या एकाच पत्र्यावर त्यानें एक पेनीचें आणि दोन पेन्सचें अशीं दोन तिकिटें कोरलीं, आणि प्रत्येकाच्या पांचशें प्रती काढल्या. त्यांतल्या पुष्कळशा गव्हर्नरच्या पत्नीनें दिलेल्या नृत्यसमारंभाच्या आमंत्रणांवर खर्ची पडल्या. बर्नार्डनें हुकुमांतले शब्द विसरून 'पोस्ट ऑफिस' हे भलतेच शब्द कोरले, अशी एक आख्यायिका फार दिवस चालत आली. गोष्ट मोठी गमतीची, पण संशोधकांनीं ती खोटी ठरविली आहे. आज या हजार तिकिटांपैकीं अवघीं सत्तावीस जगाला ठाऊक आहेत. त्यांतलीं एक एक पेनीचीं दोन तिकिटें ज्या लखोट्यावर शेजारीं शेजारीं आहेत, तो लखोटा १८५० त मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणीसाला आलेला होता. पुढें १८९७ त तो हिंदुस्थानांतल्या एका बाजारांत सांपडला आणि परदेशीं गेला. ज्या पत्राला मुंबईंत कोणी रद्दी समजलें असेल, त्याला १९६८ सालच्या लिलांवांत तीन लक्ष ऐशीं हजार डॉलर मोजले गेले.

हिंदुस्थानचें पहिलें तिकीट कोणतें, हा प्रश्न मात्र झुरिकच्या प्रश्नासारखाच, किंबहुना त्याहून गुंतागुंतीचा आहे. तिकिटापूर्वीचे दर आधीं ध्यानांत घेतले पाहिजेत. १८३७ च्या कायद्याप्रमाणें मुंबईहून कलकत्त्याला एक तोळ्यापर्यंतचें पत्र धाडावयाचें तर रुपया पडे. कंपनीच्या अधिकाऱ्यांपैकीं पुष्कळांचीं पत्रें फुकट जात. रुपयाचा बोजा उरे तो सावकार-व्यापाऱ्यांवर. साध्या गृहस्थाला कोणी वाटसरू, कोणी यात्रेकरू सांपडेपर्यंत थांबावें लागे.

या स्थितींत १८५० त सिंध प्रांताचा कमिशनर म्हणून सर बार्टल फ्रिअर कराचीला गेला. हें नांव मराठी मनुष्याला अपरिचित नाहीं. १८४७ पासून तो साताऱ्याला रेसिडेंट होता. १८४८ त साताऱ्याचे महाराज आप्पासाहेब वारले आणि डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. त्या वेळीं फ्रिअरनें गादीच्या बाजूनें लिहिलें होतें. तें कोणी ऐकलें नाहीं, आणि खालसा झालेल्या मुलखाचा कारभार अखेर त्यालाच पाहावा लागला. पुढें तोच मुंबईचा गव्हर्नर झाला व मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून त्यानें शहराला मोकळा श्वास दिला. या दोन कारकीर्दींच्या मधलीं वर्षें सिंधमधलीं, आणि त्या वर्षांचें स्मारक म्हणजे एक अर्ध्या आण्याचें तिकीट.

सिंधु नदीच्या कांठचा तो लांबट, उजाड मुलूख. तेथें पायीं धांवणारे टपालवाले ठेवण्यापेक्षां घोडे आणि उंट यांच्यावर टपाल ठेवणें बरें, असें फ्रिअरनें ठरविलें. कराचीचा पोस्टमास्तर कॉफी याच्या साहाय्यानें त्यानें हिलची पद्धति तेथें लागू केली, आणि १ जुलै १८५२ रोजीं 'सिंध डाक' या नांवाचें तिकीट चालू झालें. साऱ्या आशिया खंडांत त्यापूर्वी कोठेंहि टपाल-तिकीट नव्हतें. त्याचा आकार गोल. मधोमध तीन भाग केलेला बदामी आकार, त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या नांवाचीं तीन आद्याक्षरें, आणि भोंवतीं पट्ट्यावर 'सिंध जिल्हा डाक' हे शब्द. सारें उठावाच्या ठशानें उमटविलेलें. पहिलीं तिकिटें तांबड्या लाखेच्या टिकलीचीं होतीं. पत्रांच्या थैलींतून उंटाच्या पाठीवर लाखेची टिकली जावयाची, म्हणजे ती किती शाबूत राहणार? तीं तडकूं लागलीं, फुटूं लागलीं. म्हणून पांढऱ्या कागदावर बिनरंगाचीं उठावदार तिकिटें काढलीं. तीं सायंकाळच्या अंधुक उजेडांत दिसेनात. तेव्हां तिसऱ्या खेपेस निळीं काढलीं. हा एवढा खटाटोप दोन वर्षें चालला. १८५४ त सर्व हिंदुस्थानासाठीं तिकिटें निघतांच सिंधचीं बंद झालीं आणि शिल्लक माल नष्ट करण्यांत आला. तांबड्या टिकल्यांपैकीं आज फारच थोड्या उरल्या आहेत. शिल्लक राहिलेल्या मालांतली एकेक प्रत तरी दप्तरीं ठेवावी, एवढें त्या वेळीं कोणाच्या मनांत आलें असतें तर!

१८५४ च्या तिकिटांची कथाहि अशीच खटाटोपाची आहे. कलकत्त्याच्या टांकसाळींतील कर्नल फोर्ब्स यानें सिंह आणि ताडाचें झाड असा एक सुरेख नमुना तयार केला होता. पण त्याच्या यंत्रानें लागतील तितकीं तिकिटें निघेनात. मग मोजणीखात्यांतील कॅप्टन थुइलिए याच्याकडे काम सोंपविलें, कारण नकाशे छापण्याचे शिळाछापाचे दगड त्याच्यापाशीं होते. आरंभीं अर्ध्या आण्याचें तिकीट तांबडें छापावयाचें ठरलें. विलायतेहून आलेला हिंगुळाचा रंग संपला. येथला रंग वापरला तर दगडावरची आकृति बिघडे. अखेर अर्ध्या आण्याला निळा रंग दिला. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व देशांत एकच दर सुरू झाला: पाव तोळ्याला अर्धा आणा. ज्या पत्राला रुपया पडत होता, तेंच पातळ कागदावर लिहून पाव तोळ्यांत बसविलें तर बत्तिसाव्या हिश्शांत जाऊं लागलें. तिकीट न लावलेल्या पत्राला दुप्पट आकार. 'नाटपेड' पत्र हा शब्द आपल्या घरांत शिरला तो या व्यवस्थेमुळें.

या तिकिटांना कडेला भोंकें नव्हतीं, पाठीला डिंक नव्हता. कातरीनें कापावयाचें आणि खळीनें चिकटवावयाचें. चार आण्याचें तिकीट दोन रंगांत, चौकट तांबडी आणि आंत राणीचें मुख निळें. म्हणून तें दोनदां छापावें लागे, आणि दुसऱ्या खेपेस कागद उलटा लागल्यामुळें कांहीं तिकिटांवर राणी डोकें खालीं करून राहिली. तीं तशींच विकलीं गेलीं, पत्रांवर लागलीं, शिक्के बसले, आणि कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. चौकट अष्टकोनी असल्यामुळें पुष्कळांनीं कोपरे कापून टाकले. आज चारी कोपरे शाबूत असलेल्या प्रतीसाठीं संग्राहक जीव टाकतात. आरंभींच्या संग्राहकांचा स्वतःचा अपराध याहून मोठा आहे. लखोटा भिजवून तिकीट सोडवावयाचें आणि लखोटा फेंकून द्यावयाचा, हीच त्यांची रीत. पत्र कोठून निघालें, कोणत्या वाटेनें गेलें, किती दिवसांनीं पोंचलें, हें सारें लखोट्यावरील शिक्क्यांत असतें. तें गेलें म्हणजे तिकीट मुकें होतें. जुन्या पेढ्यांच्या बासनांत बांधलेले लखोटे ज्यांनीं आळसानें तसेच राहूं दिले, त्यांनीं इतिहासाची सेवा या उत्साही मंडळींपेक्षां अधिक केली आहे.

पुढें संस्थानांचीं पहिलीं तिकिटें आलीं: १८६४ त जुनागढ, १८६६ त काश्मीर, १८६९ त हैदराबाद, १८८६ त तुकोजीराव होळकरांच्या चित्राचें इंदूरचें. धारच्या पवारांचीं १८९७ चीं तिकिटें देवनागरी खिळ्यांनीं जुळविलेलीं असून प्रत्येकावर हातानें शिक्का मारलेला असे. गोव्यांतील पोर्तुगीज सरकारनें १८७१ च्या १ ऑक्टोबरला आपलीं पहिलीं तिकिटें काढलीं. तीं लिस्बनहून आलेलीं नव्हतीं, गोव्यांतच साध्या सामग्रीवर छापलेलीं होतीं आणि त्यांचा ओबडधोबडपणा तेंच सांगतो. हीं सर्व राज्यें आतां तिकिटांच्या आल्बमांत तेवढीं उरलीं आहेत.

ब्रिटिश हिंदुस्थानचीं तिकिटें १८५५ नंतर लंडनलाच छापलीं जात. १९२५ त नाशिकास सरकारी छापखाना निघाला आणि १९२६ पासून तीं येथें छापूं लागलीं. म्हणून १९४७ सालच्या ऑगस्टांत जेव्हां एका देशाचे दोन झाले, तेव्हां दोघांच्याहि पुढें नाशिकच होतें. स्वतंत्र भारताचें पहिलें तिकीट, साडेतीन आण्याचें, तिरंगी ध्वजाचें व 'जय हिंद' या अक्षरांचें, २१ नोव्हेंबर १९४७ रोजीं प्रसिद्ध झालें. पाकिस्तानचें पहिलें त्याच्या आधीं, १ ऑक्टोबरलाच निघालें. तीं सहाव्या जॉर्ज बादशहाचीं जुनींच तिकिटें होतीं. त्यांवर 'पाकिस्तान' हा शब्द तेवढा नव्यानें छापलेला, आणि तोहि नाशिकच्या छापखान्यांत.

सिंध डाकेचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. १९५२ त तिला शंभर वर्षें झालीं, तेव्हां तिच्या स्मरणार्थ तिकिटें काढलीं तीं पाकिस्ताननें, कारण कराची आतां त्याच्याकडे. भारतानें आपल्या तिकिटांची शताब्दि साजरी केली ती १९५४ च्या १ ऑक्टोबरला, कलकत्त्याच्या शिळाछापापासून वर्षें मोजून. संग्राहक तीं दोन्ही तिकिटें मिळवितो, आणि लाखेची तांबडी टिकली कोणत्या पानावर लावावी, याचा निकाल ज्याचा त्यानेंच लावावयाचा असतो.