एका विसरलेल्या गीताची थट्टा : ‘रिकरोल’च्या प्रसाराचा आणि पुनरुज्जीवनाचा इतिहास

१

विनोद हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. राजकारण, अर्थकारण, धर्म आणि वाङ्मय यांच्या इतिहासाला विद्यापीठांतून मानाचे स्थान मिळाले. परंतु सामान्य माणसे कशाला हसत होती, ते हसू एकाकडून दुसऱ्याकडे कसे गेले आणि एकदा विझल्यावर पुन्हा कसे पेटले, याचा शोध फारसा घेतला गेलेला नाही. याचे कारण उघड आहे. हसणारा माणूस आपल्या हसण्याची नोंद ठेवीत नाही.

आंतरजालावरील थट्टेच्या बाबतीत ही अडचण दूर होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. तेथे सर्वच व्यवहार लेखी किंवा चित्ररूप असतो. १९७६ साली रिचर्ड डॉकिन्स यांनी ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात अनुकरणाच्या द्वारे एका मनातून दुसऱ्या मनात संक्रमण करणाऱ्या सांस्कृतिक घटकाला ‘मीम’ असे नाव दिले. पुढे हाच शब्द आंतरजालावर हातोहात फिरणाऱ्या विनोदी चित्रांना, वाक्यांना आणि चित्रफितींना रूढ झाला. अशा मीमांपैकी एकाचा, म्हणजे ‘रिकरोल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या थट्टेचा, इतिहास प्रस्तुत निबंधात तपासावयाचा आहे.

थट्टेचे स्वरूप अगदी साधे आहे. कोणीतरी आपणांस एक दुवा पाठवितो आणि तो उघडल्यास अमुक एक महत्त्वाची गोष्ट पाहावयास मिळेल असे सांगतो. आपण उत्सुकतेने तो उघडतो. आणि समोर येतो तो लांब कोट घालून ताल धरणारा एक तरुण इंग्लिश गायक. गीत १९८७ सालचे, गायक रिक अ‍ॅस्टली. फसगत एवढीच. ही थट्टा २००७ साली प्रचारात आली. कोणतीही थट्टा पुनरुक्तीने शिळी होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मग हीच थट्टा दर काही वर्षांनी पुन्हा ताजी कशी होते? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. गीतच मुळात अवीट गोडीचे होते, हे पहिले; मोठ्या कंपन्यांनी आणि संस्थांनी थट्टेला उचलून धरले म्हणून ती जगली, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम साधनांविषयी. या थट्टेचे जन्मस्थान म्हणजे ‘फोरचॅन’ हे अमेरिकेतील संकेतस्थळ. ऑक्टोबर २००३ मध्ये क्रिस्टोफर पूल या तरुणाने ते सुरू केले. तेथे लिहिणाऱ्यास नाव सांगावे लागत नसे; बहुतेक सर्व लेखन ‘अनामिक’ या एकाच नावाने प्रसिद्ध होई. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नवीन मजकूर येताच जुना मजकूर खाली सरकत जाऊन शेवटी पुसला जाई. लेखक अज्ञात आणि लेख नष्ट, अशी ही व्यवस्था होती.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती सर्वस्वी अपरिचित नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांनी समकालीन अस्सल कागद आणि मागाहून रचलेली बखर यांतील भेद आपणांस शिकविला. रिकरोलच्या बाबतीत अस्सल कागद बव्हंशी पुसले गेले आहेत. उरली आहेत ती वृत्तपत्रांची वृत्ते, कंपन्यांनी केलेल्या प्रकट थट्टा आणि कलावंतांच्या मुलाखती. या सर्व नोंदी घटनेनंतरच्या आणि बहुधा मोठ्या संस्थांच्या बाजूने झालेल्या आहेत. म्हणजेच त्या बखरींच्या जातीच्या आहेत. हे ध्यानात न ठेवल्यास मोठ्या संस्थांनीच थट्टा जगविली असा भास होतो. वरील दुसऱ्या उत्तराचे मूळ या भासातच आहे.

३

मूळ गीत म्हणजे ‘नेव्हर गॉना गिव्ह यू अप’. स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या त्रयीने ते रचले व त्याची निर्मिती केली. १९८७ च्या जुलैत ते प्रसिद्ध झाले. त्या वेळी अ‍ॅस्टलीचे वय एकवीस वर्षांचे होते. ब्रिटनमध्ये हे गीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपलेली एकेरी ध्वनिमुद्रिका तीच ठरली. मार्च १९८८ मध्ये अमेरिकेतही त्याने पहिले स्थान मिळविले. पुढे १९९३ च्या सुमारास अ‍ॅस्टलीने गायनाचा व्यवसाय सोडून गृहस्थजीवन पत्करले. म्हणजे २००७ साली हे गीत एका पिढीला आठवत होते, पण कोणी मुद्दाम ऐकत नव्हते. आणि त्यापुढच्या पिढीला ते ठाऊकच नव्हते. ही मधली अवस्था लक्षात ठेवण्यासारखी आहे. गीत पूर्णपणे अपरिचित असते तर श्रोता केवळ गोंधळला असता. लोकप्रियच असते तर त्याला फसल्यासारखे वाटले नसते.

४

थट्टेचा साचा मात्र गीताच्या आधीचा आहे. २००६ च्या सुमारास पूल यांनी फोरचॅनवर एक खोडी केली. कोणीही ‘एग’ हा शब्द लिहिला की त्याच्या जागी आपोआप ‘डक’ हा शब्द उमटेल अशी योजना त्यांनी केली. त्यामुळे ‘एगरोल’ या खाद्यपदार्थाचे ‘डकरोल’ झाले. ‘रोल’ या शब्दाला गडगडत जाण्याचाही अर्थ असल्याने कोणीतरी चाके लावलेल्या बदकाचे चित्र तयार केले. आणि आकर्षक मथळ्याचा दुवा देऊन वाचकाला त्या बदकापाशी नेऊन सोडण्याची रीत पडली. हस्तलिखितांच्या नकलांत लेखनिकाच्या हातून झालेला पाठभेद पुढे स्वतंत्र परंपरा निर्माण करतो, तसाच हा प्रकार होय.

२००७ च्या मार्चमध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या बहुप्रतीक्षित खेळाची जाहिरात-चित्रफीत प्रसिद्ध झाली. पाहणाऱ्यांच्या गर्दीने निर्मात्यांचे संकेतस्थळ कोलमडले. ती चित्रफीत अन्यत्र कोठे मिळेल याच्या शोधात हजारो लोक होते. अशा वेळी एका अनामिकाने तिचा म्हणून जो दुवा दिला तो अ‍ॅस्टलीच्या गीताचा होता. त्या वर्षीच्या मेपर्यंत बदकाची जागा रिकने घेतली आणि ‘डकरोल’चे ‘रिकरोल’ झाले. प्रसाराचे रहस्य येथेच दिसते. जेथे लोकांची उत्कंठा तीव्र होती नेमक्या त्याच जागी थट्टेने प्रवेश केला.

५

२००८ हे वर्ष प्रसाराच्या दृष्टीने निर्णायक ठरले. फेब्रुवारीत ‘अनामिक’ या नावाने एकत्र आलेल्या तरुणांनी सायंटॉलॉजी या पंथाविरुद्ध अनेक शहरांत निदर्शने केली आणि तेथे हे गीत वाजविले. अशा प्रकारे थट्टा पडद्यावरून रस्त्यावर आली. १ एप्रिल रोजी यूट्यूबने आपल्या मुखपृष्ठावरील सर्व निवडक चित्रफितींचे दुवे या गीताकडे वळविले. त्याच महिन्यात ‘सर्व्हेयूएसए’ या संस्थेने केलेल्या पाहणीत निदान एक कोटी ऐंशी लाख प्रौढ अमेरिकन या थट्टेला बळी पडले असावेत असा अंदाज वर्तविण्यात आला. नोव्हेंबरमध्ये मेसी या पेढीच्या न्यूयॉर्कमधील आभारदिनाच्या मिरवणुकीत कार्टून नेटवर्कच्या चित्ररथावर अन्य गीत चालू असताना मध्येच स्वतः अ‍ॅस्टली प्रकट झाला आणि कोट्यवधी दूरचित्रवाणी-प्रेक्षक एकदमच फसले.

परंतु या वर्षातील सर्वांत बोलकी घटना याहून लहान आहे. न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाने, सामन्याच्या आठव्या डावात प्रेक्षकांनी मिळून म्हणावयाचे गीत कोणते असावे, याविषयी आंतरजालावर मते मागविली. थट्टेखोरांनी अ‍ॅस्टलीच्या गीताला पन्नास लाखांहून अधिक मते दिली. एप्रिलमध्ये ते मैदानावर वाजविले गेले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली. गीत तेच, वर्ष तेच, देशही तोच. मग हसू का उमटले नाही? मैदानावर बसलेल्या प्रेक्षकाला कोणी काही वचन दिले नव्हते, त्यामुळे वचनभंगही झाला नाही. उरले ते केवळ एक जुने गीत. गीताच्या गोडीने थट्टा जगली, हे पहिले उत्तर या एका प्रसंगाने निकालात निघते.

६

मिरवणुकीनंतर थट्टेची परिसीमा झाली असे मानणे स्वाभाविक होते. जी खोडी मोठमोठ्या कंपन्या करू लागतात तिच्यातील खोडकरपणा संपतो. तथापि घडले ते वेगळेच. नोव्हेंबर २००९ मध्ये एका संगणकीय कृमीने, निर्मात्याने घातलेली बंधने मालकांनी स्वतःच काढून टाकलेल्या आयफोनांवर अ‍ॅस्टलीचे चित्र डकविले. जुलै २०११ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने ट्विटरवर एका तक्रारदाराला उत्तरादाखल याच गीताचा दुवा दिला. एप्रिल २०१८ मध्ये ‘वेस्टवर्ल्ड’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या निर्मात्यांनी पुढील भागांचे संपूर्ण कथानक आधीच उघड करण्याचे जाहीर केले; उत्सुक रसिकांना मिळाली ती मालिकेतील अभिनेत्रीने गायिलेली याच गीताची चित्रफीत. जून २०२० मध्ये ‘रेडिट’वर एका वाचकाने खुद्द अ‍ॅस्टलीलाच, आपली पूर्वी भेट झाल्याचे सांगून, त्याच्याच गीताच्या दुव्यावर नेले.

या मालिकेत एप्रिल २०२१ मधील एक प्रसंग विशेष विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील काही शालेय विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील सहा शाळांच्या वर्गांतील पडदे एकाच वेळी ताब्यात घेऊन त्यांवर हे गीत दाखविले. आणि त्यानंतर यंत्रणेतील दोषांचा सविस्तर अहवाल शाळेच्या अधिकाऱ्यांस सादर केला. हे विद्यार्थी १९८७ साली जन्मलेलेही नव्हते. २००७ साली ते बालवयात होते. त्यांच्यापुरते हे गीत कधीच स्वतंत्र गीत नव्हते. त्यांनी ते ऐकले ते थट्टा म्हणूनच. त्याच वर्षी २८ जुलै रोजी यूट्यूबवरील या चित्रफितीच्या प्रेक्षणांची संख्या एक अब्ज झाली. त्यांपैकी किती जण स्वेच्छेने आले आणि किती फसून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. लोकप्रियतेचे मोजमाप म्हणून हा आकडा वापरताना अभ्यासकांनी सावध असले पाहिजे.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थट्टेच्या पुनरुज्जीवनाची तीन कारणे वरील वृत्तांतावरून निश्चित करता येतात. पहिले, शेवट स्थिर आणि आरंभ मोकळा. गीत कधीच बदलत नाही. परंतु त्याकडे नेणारे आमिष काळानुरूप नवे असते. २००७ साली खेळाची जाहिरात होती, २०१८ साली मालिकेचे कथानक होते. म्हणून प्रत्येक काळाला आपल्या उत्कंठेची सामग्री तीत भरता येते. दुसरे, नवी वाहने. साधा दुवा ओळखू येऊ लागला तेव्हा भिंतीवर चिकटविलेला क्यूआर संकेत आला, वर्गातील पडदा आला. जुन्या सावधगिरीचा नव्या वाहनापुढे उपयोग होत नाही. तिसरे, आणि माझ्या मते मुख्य कारण म्हणजे फसलेल्याची भूमिका. या थट्टेत बळी पडलेल्याची हानी होत नाही. तो क्षणभर खजील होतो आणि लगेच दुसऱ्याला फसविण्यास सिद्ध होतो. प्रत्येक बळी हा पुढचा प्रसारक असतो. खालच्या वर्गात शिरलेला मुलगा वरच्या वर्गात जाताच ज्या उत्साहाने जुन्या खोड्या नव्या मुलांवर करतो, त्याच जातीची ही परंपरा आहे. तिला टिकण्यासाठी स्मरणाइतकीच विस्मरणाची, म्हणजे अद्याप न फसलेल्या पिढीची, गरज असते.

यात संस्थांचा वाटा दुय्यम ठरतो. यूट्यूब, मेसीची मिरवणूक, अध्यक्षीय कार्यालय यांनी थट्टा मोठ्या समुदायापुढे नेली हे खरे; परंतु यांपैकी प्रत्येकाने ती अनामिकांकडून आयती घेतली होती. तिच्या लाभाची वाटणीही विषम झाली. गीताच्या तिघा कर्त्यांपैकी पीट वॉटरमन यांनी यूट्यूबवरील प्रक्षेपणांबद्दल आपणांस अवघे अकरा पौंड मिळाल्याचे २००९ साली जाहीरपणे सांगितले. अ‍ॅस्टलीला मात्र गेलेला श्रोता परत मिळाला. २०१६ साली त्याचा ‘५०’ हा गीतसंग्रह ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर आला आणि २०२३ साली ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात मुख्य रंगमंचावर त्याचे गायन झाले. ज्यांनी थट्टा घडविली त्या अनामिकांना मात्र काहीच मिळाले नाही. इतिहासातील उल्लेखही नाही.

हा उल्लेख मिळवून देणे हे इतिहासकाराचे काम आहे आणि ते तातडीचे आहे. भ्रमणध्वनीवरील गटांतून रोज फिरणारी मराठी थट्टा आज आपल्यासमोर आहे. तिचे कर्ते असेच अनामिक आहेत आणि भ्रमणध्वनी बदलला की तीही अशीच पुसली जाते. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी गावोगाव हिंडून टिपून घेतल्या त्यांनी त्या क्षुल्लक मानल्या नाहीत, म्हणून आज त्या आपणांस अभ्यासता येतात. थट्टेच्या बाबतीतही तारीख, वाहन आणि पाठभेद यांची नोंद ती फिरत असतानाच झाली पाहिजे. अन्यथा पन्नास वर्षांनी लोक कशाला हसत होते हे सांगण्यास आपल्याजवळ केवळ जाहिरातदारांच्या बखरी उरतील.