तणाविरुद्धचे आच्छादन : कागदापासून ताडपत्रीपर्यंत

शेतीच्या इतिहासात नांगर, पाटबंधारे, बियाणे व खते यांना मानाचे स्थान मिळाले. तण काढण्याच्या श्रमांचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही. हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे व मजुरांचे होते, हे त्याचे एक कारण असावे. आज अनेक लहान भाजीपाला-उत्पादक रिकाम्या वाफ्यावर काळी ताडपत्री पसरून तण मारतात. या साध्या युक्तीमागील शंभर वर्षांच्या प्रवासाचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

पालापाचोळ्याचे आच्छादन पूर्वापार आहेच. कारखान्यात तयार झालेल्या आच्छादनाचा आरंभ मात्र हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत शोधावा लागतो. तेथे पाऊस भरपूर, तण अमाप, आणि खुरपणीचे काम जपानहून आलेल्या मजुरांकडे, त्यातही स्त्रियांकडे असे. १९१४ च्या सुमारास ओला साखर कंपनीचे चार्ल्स एकार्ट यांनी उसावर डांबरयुक्त कागद अंथरून पाहिला. उसाचा टणक, टोकदार कोंब कागद भेदून वर येई. तणाचे मऊ अंकुर खालीच अंधारात मरत. मजुरीचा खर्च वाचविणे हा मळेवाल्यांचा हेतू उघड होता. पुढे १९२० च्या दशकात अननसाच्या मळ्यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील एल. एच. फ्लिंट यांनी १९२८ मध्ये कागदी आच्छादनाच्या परिणामांवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली.

कागदाची जागा प्लॅस्टिकने घेतली. पॉलिथिनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये लागला होता. शेतीत प्लॅस्टिक आणण्याचे श्रेय केंटकी विद्यापीठाचे एमरी एमर्ट यांना दिले जाते. त्यांनी १९४८ मध्ये काचेऐवजी प्लॅस्टिकचे हरितगृह उभारले व नंतर जमिनीवरील आच्छादनाचे प्रयोग केले. १९७६ मध्ये इस्रायलमधील याकोव्ह काटान व सहकाऱ्यांनी ओल्या जमिनीवर पारदर्शक पॉलिथिन पसरून केवळ सूर्याच्या उष्णतेने मातीतील रोगकारक बुरशी नष्ट करता येते, असे दाखविले. अनेक तणांचे बीजही या उष्णतेने मरते.

काळ्या ताडपत्रीचे कार्य याहून वेगळे आहे. तिच्याखाली माती ओलसर व उबदार राहते, तणाचे बी रुजते, आणि प्रकाशाअभावी रोप मरून जाते. थोडक्यात, तणाला उगवू देऊनच मारावयाचे. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे जाँ-मार्टिन फोर्तिए यांच्या २०१२ मधील फ्रेंच व २०१४ मधील इंग्रजी पुस्तकामुळे ही पद्धत लहान शेतकऱ्यांत सर्वदूर पोहोचली. ताडपत्री आली मुरघासाच्या खड्ड्यावरून. नवे काही बनवावे लागले नाही. राईसारखे आच्छादन पीक कापून किंवा आडवे पाडून त्यावर काही आठवडे ताडपत्री ठेवली, की नांगरट वा तणनाशक न वापरता वाफा लागवडीस तयार होतो. थंडीत हा काळ लांबतो. मळेवाल्याची मजुरी वाचविणारे साधन येथे स्वतःच राबणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती आले, हे या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वळण होय.

महाराष्ट्रात टोमॅटो, मिरची, कलिंगडाच्या गादीवाफ्यांवर चंदेरी-काळी फिल्म सर्रास दिसते. तिला शेतकरी ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात. वस्तू प्लॅस्टिकची, नाव कागदाचे! पातळ फिल्म मात्र लव्हाळ्यापुढे हरते. हवाईतील उसाप्रमाणेच त्याचा टोकदार कोंब तिला भोक पाडून वर येतो. एकार्टचा कागद कालांतराने कुजून जाई. जाड ताडपत्री गुंडाळून अनेक हंगाम वापरता येते. पातळ फिल्म हंगामाअखेर फाटते, तिचे तुकडे मातीत राहतात किंवा बांधावर जाळले जातात. आणि ते वेचण्याचे काम पुन्हा खुरपणी करणाऱ्या त्याच हातांकडे येते.