‘न्यू डील’ आणि वगळलेली माणसे

एखाद्या राजवटीच्या सुधारणांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तिच्या विरोधकांपैकी ज्यांचा आवाज मोठा, त्यांचीच नोंद प्रथम होते. अमेरिकेतील ‘न्यू डील’च्या बाबतीत नेमके हेच घडले. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली, त्या वेळी देशातील सुमारे एक-चतुर्थांश श्रमिक बेकार होते. त्यानंतरच्या कायद्यांच्या धडाक्यावर दोन बाजूंनी हल्ले झाले. धनिकांची ‘लिबर्टी लीग’ १९३४ मध्ये स्थापन झाली. रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे माजी उमेदवार अल स्मिथ तिच्या व्यासपीठावरून बोलू लागले. दुसरीकडे ह्यूई लाँग संपत्तीच्या वाटपाची, तर डॉ. टाउनसेंड साठी उलटलेल्या प्रत्येकाला दरमहा २०० डॉलर देण्याची मागणी करीत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये औद्योगिक पुनरुज्जीवनाचा आणि १९३६ च्या जानेवारीत शेतीविषयक कायदाही घटनाबाह्य ठरविला. हा सारा भाग सर्वपरिचित आहे आणि पाठ्यपुस्तकांत तो पुरेशा विस्ताराने येतो.

तिसऱ्या प्रकारच्या टीकाकारांकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले. त्यांचा सुधारणेला विरोध नव्हता. ती आपल्यापर्यंत का पोहोचत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

कापसाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पीक कमी केल्यास भाव चढतील, हे शेतीविषयक कायद्यामागील सूत्र होते. परंतु कायदा मे १९३३ मध्ये झाला तेव्हा पेरणी उरकून गेली होती. म्हणून सुमारे एक कोटी एकर क्षेत्रातील उभा कापूस नांगर घालून मोडण्यात आला. पिकाच्या ओळी तुडवू नयेत अशी सवय लावलेली खेचरे त्या ओळींवरून चालायला अडून बसत, असे वर्णन तत्कालीन वृत्तांतांत आढळते. ज्या देशात माणसे अर्धपोटी आणि अर्धवस्त्र होती तेथे पीक गाडावे आणि साठ लाख डुकरे मारावीत, या विसंगतीवर टीकेची झोड उठली. भाव चढले, हेही खरे. पण सरकारचा करार होता जमीनमालकाशी. नुकसानभरपाई त्याच्या हाती जाई आणि वाटेकऱ्याचा हिस्सा त्याने पुढे द्यावा, अशी अपेक्षा असे. वाटेकरी बहुधा त्याच्याच दुकानाचा देणेकरी. तेव्हा तो हिस्सा जुन्या कर्जापोटी वळता होण्यास वेळ लागत नसे. शिवाय लागवड घटली की हातही कमी लागत. शक्य तोवर कुळांची संख्या कायम राखावी, असे करारात म्हटले होते. कूळ, खोत आणि सावकार यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला ‘शक्य तोवर’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ वेगळा सांगावयास नको.

जुलै १९३४ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील टायरॉन्झा या गावाजवळ अकरा गोरे आणि सात काळे वाटेकरी एकत्र आले व त्यांनी ‘दक्षिणी कूळ-शेतकरी संघ’ स्थापन केला. वर्णभेदाचे कायदे असलेल्या त्या प्रदेशात दोन्ही वर्णांच्या माणसांनी एकाच संघटनेत बसावे, ही गोष्टच जमीनदारांना असह्य होती. समाजवादी नेते नॉर्मन थॉमस १९३५ मध्ये तेथे भाषणास उभे राहिले असता जमावाने त्यांना व्यासपीठावरून खाली उतरविले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या शेती प्रशासनातील काही विधिज्ञांनी करारातील कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला. जेरोम फ्रँक यांच्यासह त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. अर्थात, कायद्याचा शब्द कुळांच्या पारड्यात टाकता आला असता. त्यासाठी लागणारे राजकीय बळ सरकारपाशी नव्हते. काँग्रेसमधील महत्त्वाच्या समित्या दक्षिणेतील सभासदांच्या हाती होत्या. त्यांना दुखवावयाचे नाही, या विचाराने झुंडहत्येविरुद्धच्या विधेयकालाही रूझवेल्ट यांनी आपले वजन दिले नाही.

ऑगस्ट १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा ही या पर्वातील सर्वांत टिकाऊ निर्मिती. तिच्या वृद्धापकाळ विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले, आणि काळ्या श्रमिकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश याच दोन व्यवसायांत होते. वर्गणी गोळा करण्यातील प्रशासकीय अडचण हे त्याचे कारण होते की दक्षिणेचा दबाव, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणामाविषयी तसे ते नाहीत. चार्ल्स ह्यूस्टन यांनी सिनेट समितीपुढे साक्ष देताना या विधेयकाला चाळणीची उपमा दिली होती : बहुसंख्य काळी माणसे खाली पडावीत एवढीच मोठी तिची भोके आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. राल्फ बंच यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या नियोजनाची अधिक कठोर चिकित्सा केली. तरीही त्याच वर्षीच्या निवडणुकीत काळे मतदार मोठ्या संख्येने रूझवेल्ट यांच्याकडे वळले. यात विरोधाभास पाहण्याचे कारण नाही. सरकारी कामावरची मजुरी अपुरी आणि पक्षपाती असली तरी ती घरात येत होती.

साहित्याच्या अभ्यासकाला या काळाचे आणखी एक अंग जवळचे वाटेल. बेकारांना काम देण्याच्या योजनेत १९३५ पासून लेखक आणि रंगकर्मीही सामावले गेले. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, झोरा नील हर्स्टन, सॉल बेलो ही नावे संघीय लेखक प्रकल्पाच्या वेतनपटावर होती. टीकाकारांना मात्र या उपक्रमांत साम्यवादाचा वास येत होता. डिसेंबर १९३८ मध्ये डाइस समितीपुढे रंगभूमी प्रकल्पाच्या संचालिका हॅली फ्लॅनगन यांची साक्ष चालू असता, त्यांनी उल्लेखिलेला ख्रिस्तोफर मार्लो हा कम्युनिस्ट आहे काय, असे एका सभासदाने विचारले. शेक्सपिअरच्या अगदी आधीच्या काळातील तो सर्वश्रेष्ठ नाटककार, हे त्यांना कामकाजात नोंदवून घ्यावे लागले. हशा पिकला, पण १९३९ च्या जूनमध्ये काँग्रेसने त्या प्रकल्पाचा निधी बंदच केला.

लेखक प्रकल्पाच्या हातून झालेले एक काम या सर्व वादांच्या पलीकडे उरले आहे. १९३६ ते १९३८ या काळात, एके काळी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती नोंदविण्यात आल्या. विचारणारे बहुतेक गोरे होते, अनेकदा त्याच परगण्यातील. त्यामुळे उत्तरांत सावधपणा आहे आणि तो लक्षात ठेवूनच ही कथने वाचावी लागतात. त्यांत मंदीच्या दिवसांतील उपासमारीचे उल्लेख वारंवार येतात. कित्येक वृद्धांचा असा समज झालेला दिसतो की, वही घेऊन दारात आलेला हा सरकारी माणूस आपल्या पेन्शनची चौकशी करण्यासाठीच आला आहे.