यजमानपद कुणाला? अणदूर-नळदुर्गपासून महाराष्ट्र केसरीपर्यंत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या गावाचा आहे.

परवा बसस्टँडसमोर चहाच्या गाड्यावर एका जुन्या वस्तादांची गाठ पडली. कान तुटलेले, पांढरं धोतर, हातात बशी. मला बघून म्हणाले, "काय ओ पत्रकार, तुम्ही लई लिहिता. मला एक सांगा. एकाच म्हैन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. त्यातला खरा कोणता? आपल्या गावचा का फुलगावचा?"

मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. कारण खरा केसरी कोण, हे विचारण्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. एवढी मोठी स्पर्धा कुठं घ्यायची, हे ठरवतं कोण? आणि कशावरून ठरवतं?

आधी 2023 चा नोव्हेंबर आठवा. दिवाळीच्या आधी पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चीतपट केलं आणि गदा खांद्यावर घेतली. दिवाळी झाली आणि पुन्हा महाराष्ट्र केसरी, यावेळी आपल्या धाराशिवात. अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे विरुद्ध हर्षवर्धन सदगीर. राक्षे जिंकला. म्हणजे जो मल्ल फुलगावात हरला, तोच पंधरा दिवसांच्या आत इथं महाराष्ट्र केसरी झाला. स्पर्धेचा आकडासुद्धा जुळत नव्हता. फुलगावची 66 वी आणि नंतर झालेली आपली 65 वी!

हे असं का झालं? महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ही मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं 1953 साली उभी राहिलेली संस्था. पहिला महाराष्ट्र केसरी 1961 साली औरंगाबादला झाला, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच. दिनकर दह्यारी जिंकले. पुढं स्पर्धा गावोगाव फिरत राहिली. 1969 ला लातूरला झाली, तेव्हा लातूरच्याच हरिश्चंद्र बिराजदारांनी मैदान मारलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या कुस्तीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं आपल्याकडं अजून आहेत.

2022 साली भारतीय कुस्ती महासंघानं राज्याची जुनी कार्यकारिणी बरखास्त केली. नवी आली, तिचे अध्यक्ष रामदास तडस. जुन्या परिषदेचे सरचिटणीस बाळासाहेब लांडगे यांनी ते मान्य केलं नाही. दोन गट झाले. दोघांचंही म्हणणं एकच, परिषद आम्हीच. आणि परिषद आपणच आहोत हे लोकांना दाखवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे महाराष्ट्र केसरी भरवणं. फुलगावची स्पर्धा तडस गटाची होती, धाराशिवची लांडगे गटाची.

आता यात आपल्या गावाचा काय दोष? काहीच नाही. गावानं स्पर्धा मनापासून केली. स्टेडियमवर जी गर्दी झाली ती खरी होती, मातीवर आणि गादीवर पोरांनी गाळलेला घाम खरा होता. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात आणि त्यातून केसरी ठरतो, तो नियमही इथं पाळला गेला. पण मैदान कितीही चांगलं असलं तरी ते कोणत्या हक्कानं मिळालं, हा प्रश्न विजेत्याच्या गदेला चिकटून राहतो. वस्ताद तेच विचारत होते.

यात नुकसान मल्लाचं होतं. ज्या पोरानं दहा वर्षं तालमीत काढली, दूध-बदामाच्या खर्चासाठी बापानं रान गहाण टाकलं, त्याला गदा मिळाल्यावर लोक विचारतात, "कोणती रे? ह्यांची का त्यांची?" आणि हे थांबलेलंही नाही. 2025 मध्ये पुन्हा तेच झालं. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके केसरी झाला.

आता जरा लांबचं उदाहरण देतो. गोल्फचा आणि आपला काय संबंध, असं म्हणाल. बरोबर आहे. आपल्याकडं तेवढी हिरवळ राखायची म्हटलं तर गावाचं प्यायचं पाणी ओतावं लागेल. पण यजमान गाव कसं निवडायचं याचा सगळ्यात जुना धडा त्या खेळात सापडतो.

गोल्फची सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा म्हणजे 'द ओपन'. पहिली 1860 साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक गावी झाली. खेळाडू किती? आठ. स्पर्धा प्रेस्टविकच्या क्लबनं सुरू केली, म्हणून पहिली अकरा वर्षं ती तिथंच झाली. बक्षीस होतं चामडी पट्टा, आणि नियम असा की जो लागोपाठ तीनदा जिंकेल त्याचा पट्टा कायमचा. 1870 ला टॉम मॉरिस धाकट्यानं तो पट्टा घरी नेला. आता बक्षीसच उरलं नाही, म्हणून 1871 ला स्पर्धाच झाली नाही! मग 1872 ला तीन क्लब एकत्र बसले. प्रत्येकानं दहा-दहा पौंड घातले, चांदीचा चषक करायचं ठरलं, आणि स्पर्धा तिघांकडं आळीपाळीनं घ्यायचं ठरलं. भांडण होण्याआधीच वाटणी झाली. तीच पद्धत वाढत गेली. ठरावीक मैदानांची यादी आणि त्या यादीतून पाळी.

यादीतून नाव निघतंही. ज्या प्रेस्टविकनं स्पर्धा जन्माला घातली, तिथं 1925 मध्ये इतकी गर्दी उसळली की आवरेना. आघाडीवर असलेला मॅकडोनाल्ड स्मिथ शेवटच्या फेरीत त्या गर्दीत अडकून गेला आणि हरला. मैदान जुनं, मानाचं, पण एवढी माणसं पेलणारं नव्हतं. प्रेस्टविकला ती स्पर्धा पुन्हा कधीच मिळाली नाही. उलट उत्तर आयर्लंडमधलं पोर्टरश बघा. तिथं 1951 ला स्पर्धा झाली, मग थेट 2019 ला. 68 वर्षं वाट बघितली. मधला बराच काळ त्या भागात बाँब आणि गोळीबार चालू होता. शांतता आल्यावर रस्ते, सोय, मैदान सगळं नीट करून त्यांनी मान परत मिळवला, आणि 2025 ला पुन्हा मिळवला.

यातून दोन गोष्टी दिसतात. जुना मान आहे म्हणून मैदान टिकत नाही. आणि मागास, लांबचं, बदनाम गाव आहे म्हणून दार कायमचं बंदही होत नाही. दोन्ही गोष्टी आपल्याला लागू आहेत.

कारण गेल्या काही वर्षांत आपल्या गावाला मोठी यजमानपदं तीनदा मिळाली. यातल्या पहिल्या दोन वेळी पाटीवर उस्मानाबाद होतं, तिसऱ्या वेळी धाराशिव.

पहिलं 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, 10 ते 12 जानेवारी 2020. ते काही खेळाचं मैदान नव्हे, पण स्थळ कसं निवडावं यासाठी ते उदाहरण आठवा. महामंडळाची स्थळ निवड समिती होती. तिनं नाशिकही बघितलं आणि उस्मानाबादही. दोन्हीकडची जागा, राहायची सोय, तयारी पाहिली आणि निर्णय आपल्या बाजूनं दिला. एका बाजूला मोठं शहर, दुसऱ्या बाजूला केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला आपला जिल्हा. तरी आपण निवडले गेलो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्यांच्या नावाला विरोध झाला, उद्घाटनाला जाऊ नका असा दबाव ना. धों. महानोरांवर आला, तरी ते आले. आज दोघंही आपल्यात नाहीत. पण त्या तीन दिवसांत गावानं मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही. नाशिकला पुढचं, 94 वं संमेलन मिळालं. कुणाचंच कायमचं वाईट झालं नाही. समिती आली, बघून गेली, निर्णय सांगितला, दोन्ही गावांनी मानला. एवढं साधं असतं.

दुसरं 55 वी राष्ट्रीय खो-खो अजिंक्यपद स्पर्धा, नोव्हेंबर 2022. ती इथं आली यात कुणाला नवल वाटलं नाही, कारण खो-खोत या गावाचं नाव मैदानावर कमावलेलं आहे. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे आपल्या गावची. 2020 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. इथल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही अजिंक्यपदं घेतली. पुढं जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

तिसरं, महाराष्ट्र केसरी. त्याची कथा वर सांगितलीच.

आता तिन्हींची तुलना करा. संमेलन समितीनं बघून दिलं. खो-खो आपल्या खेळाडूंच्या पुण्याईनं आलं. केसरी दोन गटांच्या ओढाताणीत आली. गर्दी तिन्ही वेळा झाली, पाहुणचार तिन्ही वेळा झाला. पण पहिल्या दोन्हींबद्दल आज कुणी शंका घेत नाही. तिसऱ्याबद्दल चहाच्या गाड्यावरसुद्धा विचारतात.

आपल्याकडं मोठ्या स्पर्धेचं ठिकाण ठरताना पहिला प्रश्न काय असतो, हे मी इतकी वर्षं बातमीदारी करताना ऐकत आलोय. "खर्च कोण करतंय?" मंडप, जेवणावळी, बक्षीस उचलायला जो नेता तयार, त्याच्या गावी स्पर्धा. नेत्यांनी खर्च करू नये असं मी म्हणत नाही. पूर्वी जत्रेतल्या फडाला राजाश्रय लागायचाच. पण नुसत्या पैशावर ठिकाण ठरलं की स्पर्धा त्या माणसाची होते, गावाची राहत नाही. मंडप निघाला की मागं काय राहिलं हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. मैदानावर खिळे आणि खड्डे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सरावाला येणारी पोरं ते वेचत बसतात. खो-खोचं मैदान लागतं किती? जेमतेम 27 मीटर बाय 16 मीटर आणि दोन खांब. तेवढी जागा बारा महिने नीट राहिली तर आणखी अश्विनी तयार होतील. तीन दिवसांच्या रोषणाईतून होणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. इथून पुढं कुठलीही राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा मागायची असेल तर गावानं तीन गोष्टी आधी कागदावर मागाव्यात. एक, देणाऱ्या संस्थेला ती देण्याचा हक्क आहे का, आणि आपली निवड कोणत्या निकषावर झाली. दोन, स्पर्धेनंतर जमाखर्च जाहीर होणार का. तीन, मॅट, दिवे, साहित्य यातलं काय जिल्ह्याच्या पोरांसाठी इथं राहणार. आणि दोन गट भांडत असतील तर स्पष्ट सांगावं, आधी एक व्हा, मग या. मान नाकारणं हासुद्धा यजमानाचा मान असतो.

हे शहाणपण आपल्याला स्कॉटलंडहून आणायची गरज नाही. आपल्याच तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग आहे. खंडोबाची मूर्ती एक, मंदिरं दोन. देव वर्षाचा मोठा काळ अणदूरला असतो, नंतर नळदुर्गला येतो, आणि पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. देव न्यायचा-आणायचा म्हणजे दोन्ही गावचे मानकरी बसतात, लेखी करार होतो, मग पालखी निघते. इतका मोठा देव, लाखोंची श्रद्धा, पण कुणी म्हणत नाही की खरा खंडोबा आमचाच, तुमचा खोटा. कारण पाळी ठरलेली आहे आणि ती कागदावर आहे.

वस्ताद पुन्हा भेटले तर त्यांना हेच सांगणार आहे. दोन्ही पोरं खरी, वस्ताद. दोन्ही कुस्त्या खऱ्या. फक्त करार नव्हता.

तुम्हाला काय वाटतं? त्या तिन्ही कार्यक्रमांना जे हजर होते त्यांनी आठवणी जरूर लिहा. आणि ज्यांची पोरं-पोरी आज मैदानावर सरावाला जातात त्यांनी मैदानाची आजची अवस्था लिहा. त्यावर पुढची पोस्ट करीन.